नोराबाईंच्या कोटाची अट

मला कपडे मळवायचा पगार मिळतो, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. नागपूरहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय करून राहिली आज?" मी सांगायचे, "एका भिकाऱ्याचा कोट फाडतेय, आई." मग त्या आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोनवर बोलवायच्या आणि हळू आवाजात विचारायच्या, "बरी आहे ना रे ती?"

त्यांची शंका रास्तच होती. नाटकातले कपडे नवे शिवलेले असतात, पण ते घालणारी माणसं जुनी असतात. खाणीतला मजूर, लढाईवरून परतलेला शिपाई, सात घरची धुणी धुणारी बाई. यांनी कोरे करकरीत कपडे घातले तर ती रंगमंचावर येताक्षणी दुकानातून आल्यासारखी दिसतात. म्हणून आमच्या शिंप्यांनी जीव ओतून शिवलेला देखणा कोट शेवटी माझ्या टेबलावर यायचा आणि मी त्याची वाट लावायचे. इकडे या कामाला ब्रेकडाउन म्हणतात. लंडनमधल्या एका नाटक कंपनीत मी निवृत्त होईपर्यंत हेच केलं. लंडन म्हणजे आमचं, ऑन्टॅरियोतलं. इथेही थेम्स नावाची नदी आहे. तिच्यावरून नातेवाइकांचा इतका गोंधळ झालेला आहे, की मी आता खुलासा करणं सोडून दिलंय.

माझी हत्यारं तुमच्या स्वयंपाकघरातली. खोबऱ्याची किसणी, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, चहाचं पाणी, मेण. माणूस कपडा कसाही मळवत नाही. त्याच्या ठरलेल्या जागा असतात. मान, मनगट, कोपर, गुडघा आणि खिशाचं तोंड. तिथेच घासायचं, तिथेच मळवायचं. खिशात दगड भरून, कोट ओला करून दोन दिवस टांगून ठेवला की खिसे असे लोंबतात, जणू त्यांत कुणी वर्षानुवर्षं हात खुपसून चाललंय. धुळीसाठी सगळ्या जगात नाटकवाले मुलतानी माती वापरतात. कंपनी ती महागामोलाच्या डब्यातून मागवायची. मी ब्रॅम्पटनच्या देशी ग्रोसरीतून पिशवीभर आणून दिली, तेव्हा माझ्या हाताखालची मंडळी थक्क झाली. चेहऱ्याला लावायची माती मी शिपायाच्या बुटांना फासत होते, हे मात्र सासूबाईंना सांगितलं नाही.

एकदा त्या इथे आल्या असताना मी एका कंगाल म्हाताऱ्याचा कोट घरी बेसमेंटमध्ये आणला होता. तीन आठवड्यांचं काम होतं. मी ग्रोसरीला जाऊन येईपर्यंत त्यांनी तो मशीनमध्ये धुतला, उसवलेलं शिवलं, इस्त्री केली आणि घडी करून माझ्या उशीवर ठेवला. "बाईमाणसाच्या घरात इतका मळका कपडा शोभत नाही," म्हणाल्या. माझी मुलगी हसून लोळायची राहिली होती. "आजी, दॅट वॉज आर्ट," ती म्हणाली. आजींनी माझ्याकडे बघितलं, पण आर्टबद्दल काही विचारलं नाही.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण इतक्या वर्षांत एकाच कोटाने माझी झोप उडवली आणि एकाच कोटाने मला आयुष्यातला सर्वांत मोठा सुटकेचा श्वास टाकायला लावला. दोन्ही वेळा कोट तोच होता.

ते नाटक एका आयरिश लेखिकेचं होतं, नवं कोरं. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचं मला लहानपणापासून अप्रूप. माझ्या वडिलांच्या कपाटात आयरिश देशभक्तांची जुनी मराठी चरित्रं होती, पिवळी पडलेली. त्यांतले सगळे फार देखण्या मरणाने मरायचे. आरोपीच्या पिंजऱ्यातून भाषण करायचे, ताठ मानेनं जायचे, आणि पुस्तक संपायचं. पुढे काय झालं हे ती पुस्तकं सांगत नसत, आणि मीही कधी विचारलं नाही. पुढे झालं ते या नाटकात होतं. इंग्रजांशी तह झाला, देशाचा एक तुकडा त्यांच्याकडेच राहिला, राजाच्या नावाने शपथ घ्यायचं कलम आलं. तेव्हा कालपर्यंत एका चादरीत झोपलेली पोरं तह मानणारे आणि न मानणारे अशी दोन बाजूंना उभी राहिली आणि एकमेकांवर गोळ्या झाडू लागली. नाटकात एका गावचे दोन मित्र होते. पहिल्या अंकात ते दोघं मिळून इंग्रजांशी लढतात. दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक जण वरच्यांचा हुकूम घेऊन दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात येतो आणि त्याला गोळी घालतो. हा गोळी घालणारा नाटकभर एका लांब कोटात असतो.

आमच्या दिग्दर्शकाचं नाव ग्रेग. त्याला त्या काळातला खरा कोट बघायचा होता, म्हणून त्याने गावातल्या आयरिश मंडळींकडे विचारणा केली. एका दुपारी वॉकर ढकलत एक बाई आमच्या कपडेपटात आल्या. वॉकरवर कव्हरमध्ये घातलेला कोट आडवा ठेवलेला होता. या नोरा. शाळेच्या लायब्ररीतून निवृत्त झालेल्या, नव्वदीला टेकलेल्या. तिथे सगळे त्यांना नुसतं नोरा म्हणत. माझी जीभ काही वळेना, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना नोराबाई करून टाकलं.

कोट त्यांच्या वडिलांचा होता. गडद हिरवट, जाड लोकरीचा, उचलताना हाताला भार जाणवावा असा. दरवर्षी ब्रश करून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला. एकच गोष्ट चमत्कारिक होती. डावा खिसा जाड दोऱ्याने शिवून बंद केलेला होता, आणि टाके असे वेडेवाकडे, की ते बाईच्या हातचे नाहीत हे कुणालाही कळावं.

"बाबांनी बोटीवर शिवला तो," नोराबाई म्हणाल्या. "का, ते आईलाही सांगितलं नाही."

ग्रेगने कोट लियमच्या अंगावर चढवला. लियम आमचा नायक, न्यूफाउंडलंड बेटावरचा. त्याच्याही पणजोबांच्या आधीचे कुणी आयर्लंडहून आलेले. कोट त्याला बेतल्यासारखा बसला. ग्रेग भोवती फिरत म्हणाला, "बस. कॉपी कशाला? हाच वापरू. धिस इज द रिअल थिंग."

नोराबाईंनी वॉकरला ब्रेक लावला, लियमसमोर गेल्या आणि त्याच्या छातीवर, कोटाच्या कॉलरवर हात ठेवला.

"वापरा," त्या म्हणाल्या. "पण या कोटात कुणी गोळी झाडायची नाही."

ग्रेगला वाटलं त्यांना रक्ताचे डाग पडायची भीती आहे. तो समजावू लागला, की रक्त मरणाऱ्याच्या शर्टावर उडतं, मारणाऱ्याच्या कोटावर नाही. नोराबाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग सांगितलं. त्यांच्या वडिलांनी तह मानला नव्हता. त्यांचा जिवलग दोस्त तह मानून नव्या सरकारच्या फौजेत गेला. त्याला उडवायचा हुकूम यांना आला. हाच कोट घालून ते त्या दोस्ताच्या घरी गेले आणि गोळी न झाडता परत आले. त्यांच्याच माणसांनी त्यांना भित्रा ठरवलं. सख्ख्या भावाने पुन्हा तोंड पाहिलं नाही. गावात राहणं अशक्य झालं तेव्हा बोट धरली, आणि ज्या साम्राज्याशी लढले त्याच साम्राज्याच्या एका मुलखात, लंडन नावाच्या गावी, थेम्स नावाच्या नदीकाठी जन्म काढला.

"भावाच्या घरच्यांना त्यांनी गावाचं नावसुद्धा कळू दिलं नाही," नोराबाई म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. हसणं ओसरल्यावर म्हणाल्या, "त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट मला अभिमानानं सांगितली, की या कोटात त्यांनी तेव्हा माणूस मारला नाही. तेवढी तरी मोडू नका."

लियमने त्यांचा हात धरून शब्द दिला. ग्रेग मात्र बाहेर येऊन मला म्हणाला, "मीना, इट्स अ कोट." आपल्या मराठी रंगभूमीवर नट अंगावर कपडे चढवण्याआधी त्यांना हात लावून नमस्कार करतात. कपडा म्हणजे नुसता कपडा नाही, हे मला वेगळं शिकावं लागलं नव्हतं.

तोडगा मीच काढला. पहिल्या अंकात नोराबाईंचा कोट, दुसऱ्या अंकात मी केलेली नक्कल. मध्यंतरात बदलायचा. नोराबाईंनाही ते पसंत पडलं. नक्कल करायला मला बरेच दिवस लागले, आणि खोटं कशाला बोलू, ती माझ्या हातून झालेली सर्वांत चांगली वस्तू होती. फक्त खिसा उघडा ठेवला. ग्रेगने बसवलेल्या शेवटच्या प्रवेशात पिस्तूल टेबलावर पडलेलं असतं. लियम डावा हात कोटाच्या खिशात खुपसून क्षणभर उभा राहतो आणि मग उजव्या हाताने पिस्तूल उचलतो. ग्रेगचा त्या खिशातल्या हातावर भारी जीव.

प्रयोग सुरू झाले, अदलाबदल रोज बिनबोभाट होत होती. नोराबाई मात्र बर्फामुळे घराबाहेर पडल्या नव्हत्या. शेवटी एका रविवारी, दुपारच्या प्रयोगाला यायचं ठरलं. मीच त्यांना गाडीतून आणलं आणि त्यांच्या शेजारी बसले. त्याच दिवशी आमची नेहमीची ड्रेसर, म्हणजे विंगेत नटाला कपडे चढवणारी मुलगी, तापाने आडवी झाली होती. तिच्या जागी तान्या नावाची बदली आली होती. तिला सकाळी बजावून सांगितलं होतं, आधी नोराचा जुना कोट, मग आपला नवा.

पडदा वर गेला. लियम आला. आणि मी बघितलं, की त्याचे दोन्ही खिसे छान लोंबताहेत.

म्हणजे तो माझा कोट होता. तान्याने दोन कोट शेजारी बघितले. एक विटलेला, कोपरांवर झिजलेला, मळकट. दुसरा नीट ब्रश केलेला, टापटीप. जुना कुठला, असं विचारलं तर कुठलाही शहाणा माणूस मळकट कोटाकडेच बोट दाखवेल. आमच्या नाटकात मात्र तोच नवा होता. लांबून जुना दिसावा म्हणून मी नक्कल खऱ्यापेक्षा जास्त जुनी केली होती, आणि त्या बिचाऱ्या मुलीने माझ्या कामावर पूर्ण विश्वास ठेवला होता. पण याचा अर्थ असा, की दुसऱ्या अंकात नोराबाईंचा कोट येणार आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तोच घालून गोळी झाडली जाणार.

मी घड्याळ बघत मध्यंतराची वाट पाहिली. दिवे लागले आणि मी उठले, तशी नोराबाईंनी माझी बाही धरली. "वॉशरूम, डिअर. लगेच."

बायकांच्या वॉशरूमची मध्यंतरातली रांग जगात सगळीकडे सारखी असते. लिफ्ट दुसऱ्या टोकाला. वॉकर जाड गालिच्यावर अडकत होता. मी तान्याला मेसेज केला, पण प्रयोगात विंगेत फोन बंद ठेवायचा असतो आणि ती नियम पाळणारी मुलगी होती. दारावरच्या स्वयंसेवक आजोबांना सांगितलं, "प्लीज, आत निरोप द्या, कोट बदला." ते आदबीने म्हणाले, "कोट ठेवायची खोली तळमजल्यावर आहे, मॅडम." नोराबाईंना रांगेत एकटं सोडून धावावं, असं दोनदा मनात आलं. पण त्यांनी माझ्या दंडावर भार टाकला होता. आम्ही परत येऊन बसेपर्यंत दिवे मंदावले होते.

तुम्ही कधी नाटक बघताना पुढच्या प्रवेशाची भीती वाटून डोळे मिटलेत का? मी मिटले. उघडले तेव्हा स्वयंपाकघर होतं, मित्र चहा ओतत होता आणि लियम दारात उभा होता. डावा खिसा सपाट, पोटाला चिकटलेला. खराच कोट. मी नोराबाईंकडे बघितलं. एवढ्या लांबून त्यांच्या डोळ्यांना खिशाचे टाके दिसणं शक्य नव्हतं, त्यांना तो माझा कोट वाटत होता. त्या शांत बसल्या होत्या. मला वाटलं, कळलं नाही तर बरंच. मग वाटलं, मला कळलंय ना. ज्या बाईने विश्वासाने आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट आमच्या हातात दिली, तिच्या शेजारी बसून मी ती मोडताना बघणार होते. मला रडू यायला लागलं.

मित्राचे संवाद झाले. लियम टेबलापाशी आला. सवयीने डावा हात खिशाकडे गेला आणि थांबला. बोटं त्या टाक्यांवर फिरली. पुन्हा एकदा फिरली. मला त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. त्याला कळलं होतं.

पुढचा संवाद त्याचा होता. तो बोलला नाही. समोरचा नट गांगरला, पण कसलेला होता, हातातला कप धरून तसाच बसून राहिला. मग लियमने कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली. एकेक, सावकाश. कोट अंगावेगळा केला, झटकला, खांदे जुळवले आणि खुर्चीच्या पाठीवर नीट टांगला. बाही चुरगळली होती ती सरळ केली. आणि मग नुसत्या शर्टात, उघड्या पडल्यासारखा, तो टेबलाकडे वळला आणि त्याने पिस्तूल उचललं.

गोळीचा आवाज झाला तेव्हा मी आधी कोटाकडे बघितलं. तो खुर्चीवर होता. माझ्या तोंडून एवढा मोठा श्वास बाहेर पडला, की पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून बघितलं.

प्रयोग संपल्यावर विंगेत जो गोंधळ व्हायचा तो झाला. तान्या रडत होती, तिला मी जवळ घेतलं आणि सांगितलं, की माझ्या कामाची इतकी मोठी तारीफ आजवर कुणी केली नव्हती. ग्रेग लियमवर ओरडायला म्हणून आला आणि निम्म्यातच ओरडणं विसरून म्हणाला, "डू दॅट अगेन. रोज कर. मित्राला मारायला जाणारा माणूस आधी कोट काढून नीट टांगतो. गुड लॉर्ड, मला हे का सुचलं नाही?" लियम म्हणाला, "मी शब्द दिला होता. दुसरं काही सुचलं नाही."

आता नोराबाईंना सांगायचं उरलं होतं. नाही सांगितलं तरी चाललं असतं, असं ग्रेगचं मत. मला ते जमलं नसतं. त्या लॉबीत खिडकीपाशी बसल्या होत्या. मी खाली बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सांगून टाकलं, की आज चूक झाली, दुसऱ्या अंकातला कोट तुमच्या वडिलांचाच होता, आणि लियमला ते ऐन वेळी खिशावरून कळलं.

बाहेर पार्किंगमध्ये कुणी गाडीवरचं बर्फ खरवडत होतं, त्या तिकडे बघत राहिल्या.

"मी जन्मभर पुस्तकांत राहिले, मीना," शेवटी म्हणाल्या. "त्या काळावरचं हाताला लागेल ते सगळं वाचलं. कथा, नाटकं, गाणी. मारणारे भेटले, मरणारे भेटले, फितूर भेटले, रडणाऱ्या आया तर पानोपानी. गोळी न झाडता घरी गेलेला माणूस कुणी लिहिला नाही. त्याचं काय लिहिणार? तो गेला आणि परत आला. आणि खरं सांगू? मलाही कधीकधी वाटायचं, लोक म्हणत होते तेच बरोबर असेल. घाबरले असतील झालं."

"आणि आता?"

"आता मी एका पोराला कोट काढताना बघितलं. घाबरलेल्या माणसाचे हात बाही सरळ करत नाहीत गं." त्यांनी डोळे पुसले, पण चेहरा हलका झाला होता. वर्षानुवर्षांचं काहीतरी खाली ठेवून बसल्यासारख्या त्या खुर्चीत मागे रेलल्या. "पुढे त्याने पिस्तूल उचललं, ते त्या लेखिकेचं. पण कोट टांगेपर्यंत जेवढा वेळ गेला ना, तेवढा वेळ मी माझ्या बाबांना बघत होते."

मी त्यांना कोट आजच घरी न्यायचा का, म्हणून विचारलं. ग्रेगला काय वाटेल याची मला पर्वा नव्हती. पाहिजे तर उरलेले सगळे प्रयोग मी माझ्या नकलेवर भागवले असते.

नोराबाईंनी मान हलवली आणि उठण्यासाठी माझा हात मागितला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दोन्ही अंकांत हाच घालू दे त्याला. आणि रोज काढू दे."